नमुन्यापासून मालापर्यंत

संशोधन करणाऱ्या छोट्या कंपनीची पैशाची खरी ओढाताण कधी सुरू होते, असे विचारले तर बहुतेक जण ‘सुरुवातीला’ असे सांगतील. प्रत्यक्षात ती नमुना तयार झाल्यावर सुरू होते. हृदयाचे ठोके तपासणारे एखादे छोटे उपकरण घ्या. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला डबा आणि बाजारात मिळणारे सुटे भाग एवढ्यावर काही लाखांत त्याचा चालता नमुना उभा राहतो. तोच डबा हजारांच्या संख्येने काढायचा तर पोलादी मोल्ड लागतो. त्यासाठी भोसरी किंवा चाकणच्या टूलरूमकडे आगाऊ रक्कम भरावी लागते, आणि आराखड्यात चूक राहिली तर तो खर्च दुसऱ्यांदा होतो. पुढे विद्युत सुरक्षेच्या चाचण्या येतात, वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेसाठीच्या आयएसओ १३४८५ या मानकाचे ऑडिट येते, रुग्णालयात उपकरण तपासून पाहायला नैतिकता समितीची परवानगी लागते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. कमी जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. रुग्णांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण या सगळ्या काळात कंपनीची विक्री शून्य असते आणि तीन-चार इंजिनिअरांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. बँक तारण मागते, गुंतवणूकदार विक्रीचे आकडे मागतो.

या टप्प्यावर सरकारने पैसे द्यावेत का, दिले तर कसे द्यावेत आणि त्यातून खरोखर काही घडते का, या प्रश्नांवर आता चार दशकांहून अधिक काळाचा अनुभव जमा झाला आहे. त्यातला बराचसा अमेरिकेतला आहे, थोडा आपलाही आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये नवे स्टार्टअप धोरण आणले असल्यामुळे तो अनुभव आता नीट पाहायला हवा.

अमेरिकेतल्या योजनेचे मूळ रोलँड टिबेट्स या अधिकाऱ्यापाशी जाते. नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये असताना त्यांनी १९७७ मध्ये छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी थेट पैसे देण्याचा प्रयोग सुरू केला. २२ जुलै १९८२ रोजी त्याचा कायदा झाला आणि ‘स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च’, म्हणजे एसबीआयआर, ही योजना उभी राहिली. कायद्याने नवा निधी काढला नाही. ज्या केंद्रीय खात्यांचे बाहेरून करून घेण्याच्या संशोधनाचे बजेट वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, एवढेच बंधन घातले. सुरुवात ०.२ टक्क्यांपासून झाली. तो हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत २०१७ मध्ये ३.२ टक्क्यांवर गेला. हिस्सा कायद्यातच लिहिलेला असल्याने दरवर्षी अर्थसंकल्पात योजनेसाठी भांडावे लागत नाही.

या योजनेचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का हे पाहण्यापुरते थोडे पैसे मिळतात. दुसऱ्यात प्रत्यक्ष विकासासाठी मोठी रक्कम मिळते. तिसरा टप्पा बाजाराचा, आणि त्याला योजनेतून एक डॉलरही मिळत नाही. वाचताना हे कोरडे वाटते, पण माझ्या मते योजनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच आहे. पहिले दोन टप्पे पार केलेल्या कंपनीकडून सरकारी खात्याला नव्याने स्पर्धा न घेता थेट खरेदी करता येते. संरक्षण खाते किंवा नासा हे स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहेत. संशोधनाला पैसे देणारा आणि शेवटी माल घेणारा एकच असला की काय बनवायचे हे कंपनीला आधीपासून ठाऊक असते. आपल्याकडे या योजनेची नक्कल करताना पहिले दोन टप्पे मन लावून घेतले गेले, तिसऱ्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

अमेरिकेतल्या राज्यांची वाट वेगळी होती. पोलाद आणि मोटारींचे कारखाने बंद पडत असताना पेनसिल्व्हेनियाने १९८२ मध्ये ‘बेन फ्रँकलिन पार्टनरशिप’ आणि पुढच्या वर्षी ओहायोने ‘थॉमस एडिसन’ कार्यक्रम सुरू केला. दोन्हींचा भर विद्यापीठ, स्थानिक उद्योग आणि राज्याचा पैसा एकत्र आणण्यावर होता. पुढे नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी या राज्यांनी २००५-०६ च्या सुमारास जास्त नेमकी युक्ती काढली. केंद्राचे एसबीआयआर ज्या कंपनीला मिळाले, तिला राज्यानेही आपली रक्कम जोडून द्यायची. तंत्रज्ञान चांगले की वाईट हे केंद्राच्या तज्ज्ञांनी आधीच तपासलेले असते, त्यामुळे राज्याला वेगळी परीक्षक मंडळे नेमावी लागत नाहीत. पहिला टप्पा संपून दुसऱ्याचे पैसे येईपर्यंत जे महिने जातात, त्यात छोट्या कंपनीची टीम फुटते. माणसे पगाराच्या नोकरीकडे वळतात आणि त्यांच्याबरोबर ज्ञानही निघून जाते. राज्याची जोड ही फट भरते. शिवाय केंद्राचे पैसे फक्त संशोधनावर खर्च करता येतात. बाजाराची पाहणी किंवा पेटंटचा वकील असे खर्च त्यात बसत नाहीत, ते राज्याच्या पैशातून भागतात. केंटकीने तर दुसऱ्या राज्यात एसबीआयआर मिळवलेल्या कंपन्यांनाही स्थलांतर केल्यास जोड देऊ केली. एका राज्याने दुसऱ्याची कंपनी ओढून नेल्याने देशात नवे काही निर्माण होत नाही, म्हणून योजनेतला हा भाग मला पटत नाही.

मग या सगळ्याने काही साधले का? यावर अर्थतज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये १,४३५ कंपन्यांचा दहा वर्षांचा मागोवा घेतला. अनुदान मिळालेल्या कंपन्या इतरांपेक्षा जास्त वाढल्याचे त्यांना दिसले, पण ही वाढ मुख्यतः जिथे आधीच भांडवल गुंतवणारे होते त्या भागांत झाली होती. एकाच कंपनीने वारंवार अनुदाने घेतली तर जादा लाभ होत नव्हता. पुढच्याच वर्षी स्कॉट वॉलस्टेन यांनी वेगळा निष्कर्ष काढला. अनुदान आले की कंपनी स्वतःचा संशोधन खर्च तेवढाच कमी करते, म्हणजे सरकारने फक्त खासगी पैशाची जागा घेतली, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद सबरीना हॉवेल यांच्या २०१७ च्या अभ्यासाने बराच स्पष्ट झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे अर्ज केलेल्या कंपन्यांचे गुणक्रम त्यांना मिळाले. थोडक्यात निवड झालेल्या आणि थोडक्यात राहिलेल्या कंपन्या गुणवत्तेने जवळपास सारख्याच असतात, तेव्हा त्यांच्यातला पुढचा फरक अनुदानाचाच मानता येतो. पहिल्या टप्प्याच्या दीड लाख डॉलरनी कंपनीला पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर नेली. दुसऱ्या टप्प्याच्या १० लाख डॉलरनी मात्र तसा परिणाम दिसला नाही. कारणही त्यांनी तपासले. सरकारी शिक्क्यामुळे गुंतवणूकदार येत नव्हते, पैशातून नमुना उभा राहिला म्हणून येत होते. नवख्या कंपन्यांवर हा परिणाम सर्वांत जास्त होता. मोठी रक्कम थोड्यांना देण्याऐवजी छोटी रक्कम अनेक नवख्यांना द्यावी, असा याचा सरळ अर्थ निघतो.

अमेरिकन हवाई दलानेही २०१८ नंतर एक प्रयोग केला. ‘आम्हाला अमुक वस्तू बनवून द्या’ अशी नेमकी मागणी न करता ‘तुमच्याकडे आमच्या उपयोगाचे काय आहे ते सांगा’ असे खुले आवाहन केले. खुल्या आवाहनातून निवडलेल्या कंपन्यांना पुढे खासगी भांडवलही जास्त मिळाले आणि हवाई दलाची पुढची कंत्राटेही. नेमक्या मागणीच्या जुन्या पद्धतीत असा परिणाम आढळला नाही.

भारतात या वाटेची सुरुवात एका करापासून झाली. १९८६ च्या कायद्याने परदेशी तंत्रज्ञानाच्या आयातीवर ५ टक्के उपकर बसला आणि त्या पैशावर १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ उभे राहिले. बाहेरून ज्ञान विकत घेणाऱ्याने देशातले ज्ञान उभे करायला थोडे द्यावे, ही कल्पना न्याय्य होती. मंडळाने सुरुवातीला पाठबळ दिलेल्यांत हैदराबादची शांता बायोटेक्निक्स होती. तिने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बी ची देशी लस बाजारात आणली आणि तोवर फक्त श्रीमंतांना परवडणारी लस सामान्यांच्या आवाक्यात आली. हा उपकर २०१७ मध्ये रद्द झाला, मंडळ मात्र चालू राहिले. २०२० मध्ये देशातली पहिली कोविड आरटी-पीसीआर किट करणाऱ्या पुण्याच्या मायलॅबला उत्पादन वाढवायला याच मंडळाने मदत केली.

एसबीआयआरची खरी भारतीय आवृत्ती जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये आणली, तिचे नावही एसबीआयआरआय असे ठेवले. २०१२ मध्ये या विभागाची बायरॅक ही सरकारी कंपनी स्थापन झाल्यावर कामाला वेग आला. बायरॅकचे ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत असते. हॉवेल यांनी सांगितलेला ‘नवख्याला नमुन्यासाठी पैसे’ हा नियम त्यांचा अभ्यास यायच्या आधीच इथे अमलात होता. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘प्रयास’मधून नमुन्यासाठी १० लाख मिळतात. २०२१ मध्ये आलेल्या ९४५ कोटींच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रोख्यांच्या रूपाने पैसे मिळतात.

पुण्यात या पैशाचा उपयोग चांगला झाला, त्याचे कारण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर. तिथे कंपन्यांना बसायला जागा मिळते, प्रयोगशाळेतली महागडी यंत्रे तासांवर वापरता येतात, पेटंटची आणि नियमांची माहिती देणारी माणसे हाताशी असतात. ‘बिग’च्या निवडीतही या केंद्राचा वाटा असतो. बायरॅकचे पाठबळ मिळालेल्या पुण्याच्या जीवट्रॉनिक्सने हाताने फिरवून वीज तयार करता येईल असा डिफिब्रिलेटर केला. ज्या ग्रामीण रुग्णालयात वीज जाते, तिथे विजेवर चालणारे यंत्र नेमके हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी निरुपयोगी ठरते. ही अडचण इथल्याच माणसांना दिसू शकते, आणि म्हणून अशा संशोधनाला इथूनच पैसा मिळायला हवा.

अनुदानाचे पैसे हातात कसे येतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. रक्कम मंजूर होते ती एकदम, मिळते हप्त्याहप्त्याने. प्रत्येक हप्त्याआधी ठरलेला टप्पा गाठल्याचा अहवाल, सीएच्या सहीचे युटिलायझेशन सर्टिफिकेट आणि खर्चाचे विवरण द्यायचे. खर्च मंजूर शीर्षाखालीच व्हायला हवा. ‘साहित्य’ या शीर्षातले पैसे उरले आणि चाचणीचे संपले, तर परवानगी घेऊनच ते वळवता येतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण अहवाल पाहणारी समिती तीन-चार महिन्यांनी बसत असेल तर तेवढे महिने पगार कुठून द्यायचे, याचे उत्तर हिशेबाच्या नमुन्यात नसते. अनुदान घेतलेल्या कोणत्याही संस्थापकाशी बोला, रकमेबद्दल तक्रार क्वचित ऐकू येईल. हप्त्यांच्या तारखांबद्दल मात्र तो तासभर बोलेल.

आता खरेदीकडे येऊ. नमुना झाला, परवाना मिळाला, मालही तयार आहे. आपल्याकडे आरोग्य, पाणी, शेती, सांडपाणी या क्षेत्रांत मोठे गिऱ्हाईक सरकार किंवा महापालिकाच असते. निविदा निघते तेव्हा तिच्यात ‘गेल्या तीन वर्षांची उलाढाल’ आणि ‘अशाच मालाचा पूर्वी पुरवठा केल्याचा अनुभव’ या अटी असतात. जी वस्तू देशात प्रथमच तयार झाली, तिच्या पुरवठ्याचा अनुभव कोणाकडे असणार? केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी स्टार्टअपना या दोन अटींतून सूट देता येईल असे म्हटले आहे. पण ‘देता येईल’ हे शब्द अधिकाऱ्याच्या इच्छेवर सोडलेले आहेत. सूट देऊन काही बिघडले तर चौकशी त्याचीच होणार, मग तो सूट कशाला देईल? लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचा केंद्राचा नियम केंद्रीय मंत्रालयांना आणि सार्वजनिक कंपन्यांना लागू आहे. आपल्या महापालिका त्यात येत नाहीत.

इथे केरळने वेगळे काही करून दाखवले. मॅनहोलमध्ये माणसाला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही माणसे उतरतात आणि मरतात. जेनरोबोटिक्स या तरुण कंपनीने मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव तयार केला. केरळ स्टार्टअप मिशनने त्यांना पाठबळ दिले आणि केरळ जल प्राधिकरणाने तो वापरायला घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला आणि पुढे इतर राज्यांतल्या शहरांनीही तो घेतला. पैसे देणारी संस्था आणि वापरणारी संस्था एकाच राज्याच्या होत्या, एकमेकींशी बोलत होत्या, म्हणून हे घडले. केरळने स्टार्टअपकडून ठरावीक रकमेपर्यंत निविदेशिवाय थेट खरेदी करण्याची मुभाही आपल्या खात्यांना दिली आहे. कर्नाटकाची ‘एलेव्हेट’ योजना ५० लाखांपर्यंत अनुदान देते आणि तिचा पसाराही मोठा आहे, पण केरळचे उदाहरण मला जास्त शिकवणारे वाटते.

संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये सुरू केलेला ‘आयडेक्स’ हा केंद्राच्या पातळीवरचा तसाच प्रयत्न आहे. सैन्यदले गरज सांगतात, निवडलेल्या कंपनीला मूळ योजनेत दीड कोटींपर्यंत अनुदान मिळते, कंपनीलाही आपला वाटा घालावा लागतो, आणि वस्तू कसोटीला उतरली तर खरेदीचा मार्ग आधीच आखलेला असतो. स्वयंचलित सशस्त्र बोटींसाठी करार झालेली सागर डिफेन्स ही पुण्याची कंपनी याच वाटेने पुढे आली.

महाराष्ट्राने या दिशेने पावले टाकलेली आहेत. २०१८ च्या धोरणानंतर राज्य इनोव्हेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या ‘स्टार्टअप वीक’मध्ये निवडलेल्या २४ कंपन्यांना सरकारी खात्यांत प्रयोग करण्यासाठी प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळू लागले. अनुदानाऐवजी कामाचा आदेश देणे ही शहाणपणाची कल्पना आहे. १५ लाखांपेक्षा ‘महाराष्ट्र शासनाच्या अमुक खात्यात वापर झाला’ हा कागद कंपनीला मोलाचा असतो, कारण पुढच्या निविदेतली अनुभवाची अट त्यानेच पुरी होते. पण प्रयोग संपल्यावर काय? तो यशस्वी झाला असे खात्याने लेखी दिले, आणि त्या लेखी निष्कर्षावर खरेदी करता आली, तरच साखळी पूर्ण होते. प्रयोगाच्या शेवटी ठरावीक मुदतीत खात्याने होकार किंवा नकार कारणांसह द्यावा, असा नियम हवा. स्पष्ट नकारही कंपनीला उपयोगी पडतो, तिला नुसते ताटकळत ठेवू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या धोरणात ५०० कोटींचा महा-फंड आहे, आणि प्रत्येक खात्याने आपल्या तरतुदीतला ०.५ टक्के हिस्सा उद्योजकता व नवकल्पनांसाठी ठेवावा असे म्हटले आहे. अमेरिकेची सुरुवात ०.२ टक्क्यांनी झाली होती, आणि तीही फक्त संशोधनाच्या बजेटवर, हे लक्षात घेतले तर आपला हिस्सा लहान नाही. तो मेळावे, स्पर्धा आणि बक्षीस समारंभांत खर्ची पडला तर मोठी संधी जाईल. आरोग्य खात्याच्या हिश्श्यातून ग्रामीण रुग्णालयांसाठी उपकरणांची पहिली खरेदी व्हावी. पाणीपुरवठा खात्याने गळती शोधणारी साधने एखाद्या नगरपालिकेत लावून पाहावीत. ‘बिग’ किंवा ‘प्रयास’ मिळालेल्या महाराष्ट्रातल्या कंपनीला राज्याने नव्याने छाननी न करता चाचण्या, प्रमाणपत्रे आणि मोल्डसाठी जोड द्यावी. केंटकीच्या योजनेतली चांगली बाजू हीच आहे, आणि ती उचलायला नवा कायदा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मला सलते. आपल्या बहुतेक योजना स्टार्टअपसाठी आहेत, लघुउद्योगासाठी नाहीत. सीड फंडाला अर्ज करायला कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत तीस वर्षे ओतकाम केलेला मालक स्वतःच्या भट्टीत कमी इंधनात चालणारी नवी पद्धत बसवतो, तेव्हा तेही संशोधनच असते, पण या दारातून त्याला आत जाता येत नाही. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या ‘इनोव्हेटिव्ह’ योजनेतून एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मिळू शकतात, मात्र त्यासाठीही मान्यताप्राप्त इन्क्युबेटरच्या माध्यमातून जावे लागते. छत्रपती संभाजीनगरमध्ये ‘मॅजिक’ हे इन्क्युबेटर केंद्र उद्योजकांनीच उभे केले आहे. नागपूर, सोलापूर, इचलकरंजीच्या कारखानदाराला तेवढ्या जवळ कोण आहे? जिथे आधीच सगळे आहे तिथेच अनुदान फळते, हा लर्नर यांचा इशारा पुणे-मुंबईला आणि उरलेल्या महाराष्ट्राला तंतोतंत लागू पडतो. त्यावर उपाय म्हणून फक्त पैसा पाठवून भागणार नाही. चाचणी प्रयोगशाळा, टूलरूम आणि नियम समजावून सांगणारा माणूस हे तिन्ही त्या-त्या औद्योगिक वसाहतीत हवेत.

केंद्राने २०२५ मध्ये संशोधन, विकास व नवकल्पनांसाठी १ लाख कोटींची योजना जाहीर केली. देशाचा संशोधन खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलेला असताना एवढी रक्कम स्वागतार्हच आहे. पण तिचे स्वरूप मुख्यतः कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचे आणि भागभांडवलाचे आहे. ज्यांचे तंत्रज्ञान काही टप्पे आधीच पुढे गेले आहे आणि ज्यांना परतफेडीचा हिशेब मांडता येतो, अशा कंपन्यांना तिचा लाभ होईल. पहिली विक्रीच न झालेल्या पाच माणसांच्या कंपनीला कर्ज झेपत नाही. तिच्यासाठी इस्रायलची पद्धत विचारात घ्यावी. तिथे राज्य अनुदान देते आणि वस्तू विकली गेली तरच विक्रीतला छोटा टक्का राज्याला परत मिळतो. वस्तू विकलीच गेली नाही तर कंपनीवर कर्ज राहत नाही.

आणि या सगळ्याचा हिशेब उघडा राहायला हवा. हॉवेल यांना निष्कर्ष काढता आला, कारण निवडलेल्यांबरोबर नाकारलेल्यांचेही गुणक्रम खात्याने जपून ठेवले होते. आपल्याकडे अनुदान मिळालेल्यांच्या याद्या आणि यशोगाथा छापल्या जातात, नाकारलेल्यांचे पुढे काय झाले ते कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक खात्याने आपल्या ०.५ टक्क्यांतून कोणाला किती दिले, हप्ता मंजुरीनंतर किती दिवसांनी पोहोचला, प्रयोगाचा निष्कर्ष काय निघाला आणि नंतर त्या वस्तूची खरेदी झाली का, हे दरवर्षी जाहीर करावे. नाकारलेल्या अर्जांची माहिती नावे वगळून विद्यापीठांना द्यावी. गोखले संस्थेतल्या किंवा मुंबई विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाला पाच वर्षांनी त्यावरून सांगता येईल की १५ लाखांचा कार्यादेश जास्त उपयोगी पडला की ५० लाखांचे अनुदान.